गावात राहायचं कुणी?

हिंगोलीतल्या जुन्या वस्त्यांची नावं एकदा सलग म्हणून पाहावीत: पलटण, रिसाला बाजार, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. निजामाच्या राज्यात विदर्भाच्या सीमेलगतचं हे लष्करी ठाणं होतं आणि ही सगळी नावं त्या छावणीची आहेत. छावणी गेली, १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवटही संपली, पण नावं लोकांच्या तोंडी टिकली. त्यांतलं पेन्शनपुरा हे नाव मला नेहमी थांबवतं. चाकरी करणाऱ्यानं कुठं राहावं आणि चाकरी संपल्यावर त्यानं कुठं जावं, हा प्रश्न कधीकाळी या गावानं आपला मानला होता, असं त्या नावावरून वाटतं.

आज तो प्रश्न कुणाचाच नाही. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. जिल्ह्याच्या कचेऱ्या आल्या, रुग्णालय मोठं झालं, बँका आणि शिकवण्या वाढल्या, आणि त्यांच्या मागोमाग माणसं आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८५,१०३ होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आजचा आकडा कुणी मोजलेला नाही. वाढ मात्र उघड्या डोळ्यांनी दिसते. शहराबाहेर पडणाऱ्या कुठल्याही रस्त्याला लागलं की शेतात मुरमाचे पट्टे, कोपऱ्यांवर रोवलेले सिमेंटचे खांब आणि ‘प्लॉट विक्रीस’ असे फलक सुरू होतात. उलट गांधी चौकाच्या आसपास रात्री दुकानांची शटरं पडल्यावर वर पाहिलं, तर किती माड्यांत दिवा असतो? कुठं वर मालाची खोकी भरलेली, कुठं भावकीच्या वाटणीत अडकलेलं कुलूप, कुठं छप्पर बसलेलं. गाव कडेनं फुगतंय आणि मधून रिकामं होतंय.

म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. हिंगोलीनं आणि तिच्याएवढ्या प्रत्येक गावानं आपल्या मध्यवस्तीत राहती घरं वाढवावीत. टोलेजंग इमारती नकोत. दुकानावर माडी, माडीवर आणखी एक मजला, पडलेल्या वाड्याच्या जागी चार कुटुंबांची इमारत, एवढंच. आणि ही घरं कुठं, किती, कुणासाठी, हे चारचौघांत बोलून ठरवावं.

हे बोललं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: “गावात आधीच पाय ठेवायला जागा नाही, त्यात अजून घरं कुठं कोंबता?” हे उत्तर देणारा माणूस खोटं बोलत नाही. बाजाराच्या दिवशी जवाहर रोडवरून दुचाकी काढून दाखवावी, म्हणजे त्याचं म्हणणं पटतं. पण त्यानं पाहिलेली गर्दी आणि घरांची दाटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्त्यावरची गर्दी दिवसाची असते आणि तीत बाहेरून येणाऱ्यांचा वाटा मोठा असतो. घरातली दाटी रात्रीची असते आणि ती रस्त्यावरून दिसत नाही. केंद्र सरकारनं नेमलेल्या तज्ज्ञ गटानं २०१२ मध्ये देशातल्या शहरांत सुमारे १ कोटी ८८ लाख घरं कमी पडतात असा अंदाज मांडला. त्यात बेघर कुटुंबांचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास होता. सुमारे ८० टक्के तुटवडा दाटीचा होता, म्हणजे डोक्यावर छप्पर आहे पण लग्न झालेल्या मुलाला वेगळी खोली नाही, अशा घरांचा. आणि हा तुटवडा जवळजवळ सगळाच कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचा होता. त्याच काळात, २०११ च्या जनगणनेत, शहरांमधली सुमारे १ कोटी ११ लाख घरं कुलूपबंद किंवा रिकामी आढळली. एकीकडे दहा बाय बाराच्या खोलीत पडदा लावून दोन संसार, दुसरीकडे बंद माडी. हिंगोलीच्या एकाच गल्लीत या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी सापडतील.

“बाहेर भरपूर जागा आहे की, तिकडं बांधा,” हे दुसरं उत्तर. बाहेरची जागा स्वस्त वाटते, कारण तिची अर्धी किंमत प्लॉट घेणारा देतच नाही. साधा हिशोब करू. प्लॉटची रुंदी तीस फूट धरली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरं मानली, तर शंभर कुटुंबांसाठी दीड हजार फूट रस्ता लागतो. तेवढीच जलवाहिनी, तेवढेच विजेचे खांब आणि दोन्ही कडांनी नाली. पण आपल्याकडचे बरेच प्लॉट राहण्यासाठी घेतलेले नसतात. मुलीच्या लग्नाला उपयोगी पडतील म्हणून, सोन्यासारखे, ते घेऊन ठेवलेले असतात. अर्धे प्लॉट असे पडून राहिले की त्याच शंभर कुटुंबांसाठी रस्ता तीन हजार फूट होतो. गावात एका जागेवर तीन कुटुंबं राहिली, तर त्याच शंभरांना पाचशे-सव्वापाचशे फूट रस्ता पुरतो, आणि तो बहुतेक ठिकाणी आधीच आहे. हा फरक नगरपरिषदेच्या तिजोरीतून जातो आणि तिजोरी गावातल्या भाडेकरूच्याही करानं भरते. बाहेरच्या वस्तीत माणूस राहायला गेल्यावर पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात टँकर आणि बाराही महिने नालीसाठी निवेदनं, असं का होतं, त्याचं कारण या फुटांत आहे.

शिवाय ती जमीन कुणाची होती, हेही पाहायला हवं. हिंगोली आणि वसमत हा हळदीचा पट्टा आहे. हळदीला निचऱ्याची, सकस, पाण्याची सोय असलेली जमीन लागते. रस्त्यालगतची, विहिरीची जमीन प्लॉटिंगवाल्यालाही तीच हवी असते. एकदा मुरूम पडला की ती परत शेती होत नाही. जिथं जमीन भारी काळी आहे, तिथं घर बांधणाऱ्याचंही नुकसान आहे. ही माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, म्हणून पाया खोल न्यावा लागतो आणि नेला नाही तर चार वर्षांत भिंतीला चिरा जातात. पिकाला चांगली असलेली माती घराला वाईट असते, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको.

यात आणखी एक अन्याय आहे. महाराष्ट्रात २००१ चा गुंठेवारी कायदा आहे. बेकायदा पाडलेले प्लॉट नियमित करण्यासाठी तो आला आणि २०२१ च्या दुरुस्तीनं त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना मिळाली. लोकांच्या डोक्यावरचं छप्पर वाचलं, ते योग्यच झालं. पण परवानगी न घेता गावाबाहेर बांधलेलं घर शेवटी नियमित होतं आणि गावात रीतसर परवानगी मागणारा सामासिक अंतरांत, पार्किंगच्या जागेत आणि वारसांच्या सह्यांत वर्षानुवर्षं अडकतो. यातून लोक काय शिकतात, ते वेगळं सांगायची गरज नाही.

घरकुलाचंही तसंच. २५ जून २०१५ ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख मिळाले. छोट्या शहरांना याच घटकाचा आधार मिळाला. पण त्याची पहिली अट स्वतःची जागा ही आहे. ज्याला जागा नाही, तो भाडेकरू या दारात उभाच राहू शकत नाही. रुग्णालयात रात्रपाळी करणारी परिचारिका, कापडाच्या दुकानातला नोकर, शिकवणीसाठी सेनगाव-कळमनुरीहून आलेली मुलगी, बस स्थानकावरचा हमाल, यांना गावात राहणं गरजेचं आहे. त्यांच्याकडे प्लॉट नाही आणि दुचाकीही असेलच असं नाही. परिचारिकेची पाळी रात्री सुरू होते. रुग्णालयापासून दहा मिनिटांवर खोली असणं आणि दिवे नसलेल्या नव्या वस्तीत चार किलोमीटरवर असणं, यात फरक सोयीचा नाही, तिच्या सुरक्षिततेचा आहे. म्हाताऱ्या माणसाचंही असंच. मुलानं बाहेर बंगला बांधला की आईला मंदिर, मशीद, दवाखाना, ओळखीचा किराणावाला, सगळं एकदम तुटतं. तिला मग कुणीतरी न्यावं लागतं.

आता विरोधकांच्या मुद्द्यांकडे येतो, कारण त्यांतले काही मला मान्य आहेत.

पहिला मुद्दा पाण्याचा. गावातल्या जुन्या वाहिन्यांवर आणखी कुटुंबं घातली तर आहे त्या लोकांना पाणी कमी पडेल, ही भीती रास्त आहे. पण माणूस कुठंही राहिला तरी तेवढंच पाणी पितो. प्रश्न एवढाच की नव्या वाहिनीचा पैसा आपण रिकाम्या प्लॉटांसमोरून न्यायचा, की गावातली गळकी वाहिनी बदलायला वापरायचा. मध्यवस्तीत मजला वाढवण्याची परवानगी देताना छतावरचं पाणी जमिनीत मुरवण्याची सोय आणि मलनिस्सारणाची जोडणी या अटी असाव्यात, आणि गल्लीची वाहिनी बदलल्याशिवाय त्या गल्लीत परवानग्या खुल्या करू नयेत. जलेश्वर तलावाच्या काठाला आणि कयाधूच्या पात्रालगत तर एक वीटही नको. दाट वस्ती हवी म्हणणाऱ्यानं पाण्याची जागा पाण्याला सोडलीच पाहिजे.

दुसरा मुद्दा भूकंपाचा, आणि तो हलक्यात घेता येणार नाही. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ ला हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टरचे धक्के बसले. वसमत, औंढा, कळमनुरीच्या काही गावांत जमिनीतून येणारा आवाज नवा राहिलेला नाही. मग गावात मजले चढवायचे? माझं उत्तर असं की भूकंपाच्या भीतीनंच जुनी मध्यवस्ती नव्यानं बांधायला हवी. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात साडेसात हजारांहून अधिक माणसं गेली. त्यातली बहुतेक गाळात रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांच्यावरच्या जड माळवदाखाली गेली. मराठवाड्यातल्या जुन्या घरांचं रूप तेच आहे: जाड भिंती, ढाळज, ओसरी, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात हे घर गार राहतं, माळवदावर झोपल्याची आठवण प्रत्येकाला प्रिय आहे. पण दुरुस्ती न झालेलं, पाणी मुरलेलं माळवद आजही कुणाच्या तरी डोक्यावर आहे. अभियंत्यानं तपासलेली, खांब-तुळयांची तीन मजली इमारत त्याहून सुरक्षित असते. ज्या जुन्या भिंतीवर कसलाही विचार न करता स्लॅब टाकून वर खोली चढवली जाते, ती मात्र दोन्हींहून धोक्याची. आज परवानगी किचकट असल्यामुळे नेमकं हेच गुपचूप होतं.

तिसरा मुद्दा गावाच्या चेहऱ्याचा. वाडे जातील, गल्ल्या ओळखू येणार नाहीत, असं म्हणणाऱ्यांशी मी भांडणार नाही. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार १९१४ मध्ये भारतात आला आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक होता. त्यानं देशातल्या अनेक गावांच्या अहवालांत एक गोष्ट सातत्यानं मांडली. जुनं गाव सरसकट पाडून रुंद रस्ते काढू नयेत. गल्लीगल्ली हिंडून, कोणतं घर मोडकळीला आलंय, कुठल्या रिकाम्या तुकड्यावर अंगण किंवा विहीर मोकळी करता येईल, हे पाहून नाजूक हातानं दुरुस्ती करावी. शंभर वर्षांपूर्वीची ही पद्धत हिंगोलीला आजही लागू पडते. कोरीव लाकूडकामाचा, धड उभा असलेला वाडा राखावा. दगडमातीचा ढिगारा झालेली जागा मात्र केवळ वाडा म्हणून तशीच ठेवण्यात वारशाची जपणूक नाही. आणि रामलीला मैदानाला हात लावू नये. दसऱ्याला सगळा जिल्हा जिथं येतो, ती मोकळी जागा दाट वस्तीचं अंगण आहे.

चौथा मुद्दा सगळ्यात खरा: मध्यवस्तीत बांधायची मुभा दिली की बिल्डर येईल, जुन्या भाडेकरूला हाकलेल आणि वर बांधलेले फ्लॅट पैसेवाल्यांना विकेल. मोठ्या शहरांत हे घडलेलं आहे. म्हणून समूह पुनर्विकासाची मोठी प्रतिकृती हिंगोलीत आणू नये. मुंबईच्या भेंडी बाजारात सुमारे साडेसोळा एकरांचा प्रकल्प उभा राहतोय, तो २००९ मध्ये स्थापन झालेल्या एका समाजाच्या विश्वस्त संस्थेच्या बळावर. हिंगोलीत तशी एकहाती ताकद नाही आणि उंच इमारतींची गरजही नाही. आपल्याला जवळचं उदाहरण पुण्यातल्या येरवड्याचं. तिथल्या झोपडपट्ट्यांत जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून लोकांची कच्ची घरं त्याच जागी पक्की करण्यात आली. ज्याची जागा जेवढी, तेवढ्यावरच वर मजला चढवला, काही शेजाऱ्यांनी जागा एकत्र करून बांधलं, बाया आराखड्याच्या बैठकांना बसल्या आणि कुटुंबांनी खर्चाचा दहा टक्के वाटा उचलला. शेजार मोडला नाही. छोट्या तुकड्यांवर काम कसं करायचं, याचा तो धडा आहे.

मग गावात घरं का वाढत नाहीत? कायद्यानं मनाई आहे म्हणून नाही. २ डिसेंबर २०२० ला राज्यानं एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर केली. मुंबईसारखे अपवाद सोडले तर ती छोट्या नगरपरिषदांनाही लागू आहे आणि तीत दाट वस्तीसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. अडतं ते तीन जागी. एक, वारस. आजोबांच्या नावावरची मिळकत पत्रिका, तीन भाऊ, दोन बहिणी, एक पुण्यात, एक नांदेडला, आणि वाटणी कुणी केलेली नाही. स्वच्छ मालकीशिवाय बँक कर्ज देत नाही. दोन, भाडेकरूची भीती. मराठवाड्यात १९५४ चा हैदराबाद भाडेनियंत्रण कायदा होता, त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला. त्यात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि करार संपल्यावर जागा परत मिळवण्याचा जलद मार्गही आहे. तरी तोंडी बोलीवर खोली देण्याची सवय सुटत नाही, म्हणून मालक घाबरतो आणि माडीला कुलूप लावतो. तीन, छोट्या बांधकामाला मोठ्या बांधकामाइतकेच हेलपाटे.

यावरचे उपाय भव्य नाहीत. नगरपरिषद, भूमी अभिलेख आणि दुय्यम निबंधक यांनी प्रभागात एकत्र शिबिरं घेऊन वारसनोंदी आणि भाडेकरार मार्गी लावावेत. तीन मजल्यांपर्यंतचे, भूकंपाचा विचार केलेले नमुना आराखडे नगरपरिषदेनं तयार ठेवावेत, म्हणजे छोट्या मालकाला अभियंत्याच्या फीची चिंता राहणार नाही. जुना भाडेकरू त्याच जागी परत येणार, ही परवानगीची अट असावी. राज्यात मोठ्या प्रकल्पांना छोटी घरं राखून ठेवण्याचं जे बंधन आहे, ते मोठ्या शहरांपुरतं आहे; हिंगोलीला त्याचा उपयोग नाही. म्हणून सरकारच्या आणि नगरपरिषदेच्या मालकीच्या मध्यवस्तीतल्या पडीक जागांवर भाड्याची घरं सार्वजनिक पैशानं बांधायला हवीत. बाजाराकडून परिचारिकेचं आणि हमालाचं घर आपोआप येणार नाही, हे मान्य करूनच पुढं गेलं पाहिजे.

नुसत्या परवानगीनं मात्र काहीच होत नाही, असंही नाही. न्यूझीलंडच्या ऑकलंडनं २०१६ मध्ये आपल्या सुमारे तीन-चतुर्थांश निवासी जमिनीवर एकाहून जास्त घरं बांधू दिली आणि पुढच्या काही वर्षांत तिथलं बांधकाम वेगानं वाढलं. तिथला पैसा आणि इथला पैसा वेगळा, पण दार उघडं ठेवलं की छोटा मालक आत येतो, एवढं तिथून घेता येतं.

शेवटी चर्चेबद्दल. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदा २०२१-२२ पासून प्रशासकांच्या हाती होत्या. निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. मधल्या काळात गावाचा प्रश्न मांडायला निवडून दिलेलं सभागृहच नव्हतं. १९६६ चा नगररचना कायदा विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना हरकती व सूचनांसाठी ३० दिवस देतो आणि त्यावर सुनावणीही होते. आपल्याकडे त्या ३० दिवसांत येणाऱ्या बहुतेक हरकती ‘माझ्या प्लॉटवरचं आरक्षण काढा’ अशा असतात. प्लॉट नसलेल्याची हरकत येत नाही. विचारवंत नरहर कुरुंदकर याच जिल्ह्यातल्या, वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे. समोरच्याचं म्हणणं पूर्ण ताकदीनं मांडून मगच त्याला उत्तर द्यावं, ही शिस्त त्यांच्या वाचकाला लागते. ती शिस्त नगरपरिषदेच्या सभागृहात आणि चौकात आणता आली, तर दुकानदाराची पार्किंगची अडचण आणि भाडेकरूची खोलीची अडचण एकाच टेबलावर ठेवता येईल.

त्याआधीचं एक काम मात्र कुणाच्या परवानगीवाचून होऊ शकतं. प्रत्येक प्रभागातल्या शिक्षकांनी, कॉलेजच्या पोरापोरींनी, नव्या नगरसेवकांनी वही घेऊन गल्लीगल्ली फिरावं आणि लिहून काढावं: किती माड्या बंद, किती वाडे पडलेले, किती खोल्यांत दोन कुटुंबं, कोणत्या नळाला पाणी येत नाही. पुढच्या वेळी कुणी म्हणालं की गावात जागा नाही, तर ती वही त्याच्यासमोर उघडता येईल.